घाडींची गाडी

दत्ताराम घाडींनी गाडी घेतली तेव्हा तिचं नाव 'घाडींची गाडी' पडणार, हे ब्रह्मदेवालाही टाळता आलं नसतं. पुढे दुसऱ्या मजल्यावरच्या नागोराव खिल्लारेंनी ती त्यांच्याकडून विकत घेतली, कागद त्यांच्या नावावर झाले, पण आमच्या नवघरच्या सोसायटीत नाव काही बदललं नाही. वॉचमन यादव गेटातून हाक मारायचा, "घाडी साब की गाडी जरा पीछे लीजिए." नागोराव काच खाली करून दर वेळी सांगायचे, "अब मेरी है, भैया." त्यांना राग येत नसे. त्यांच्या बायकोला, वैजयंताबाईंना येई.

मी खिल्लारेंच्या समोरच्याच फ्लॅटमध्ये राहतो. काही मी डोळ्यांनी पाहिलं, बाकीचं दोन्ही घरांतून कळलं.

खिल्लारे मूळचे परभणीकडचे. राहायला आले तेव्हा दारावरचं आडनाव आणि हॉलमधली बुद्धमूर्ती पाहून बिल्डिंगीतल्या बऱ्याच जणांनी "आज उपास आहे" म्हणून चहा टाळला. एका आठवड्यात इतके उपास पंचांगातही बसत नाहीत. दत्ताराम मात्र आले, ऐसपैस बसले, बशीत ओतून चहा प्यायले आणि म्हणाले, "वैनी, अजून अर्धा चालेल." त्या दिवसापासून नागोरावांना ते दत्ताभाऊ झाले. भाऊ म्हटलं की नागोराव ते शेवटपर्यंत धरून ठेवणारे.

यंदा त्यांची मुलगी साक्षी नोकरीला लागली. जुनी गाडी देऊन नवी घ्यायची, असं घरात ठरलं आणि नवरा-बायको पेणकरपाड्याजवळच्या एका शोरूममध्ये गेले. तपासणाऱ्याने इंजिन ऐकायच्या आधी ड्रायव्हरच्या सीटचा पट्टा धरला आणि विहिरीतून दोर ओढावा तसा शेवटपर्यंत बाहेर ओढला. शेवटचा हातभर पट्टा मातकट निघाला. नखाने खरवडल्यावर वाळलेला चिखल पडला.

"पानी की गाडी है, अंकल," तो म्हणाला. "बाढ में डूबी होगी. इन्शुरन्सवालों ने टोटल लॉस करके भंगार में निकाली, और किसीने धो-पोंछ के बेच दी. आपको पहले बोलना चाहिए था."

"हमको मालूम नहीं था."

"सब यही बोलते हैं."

नागोराव काटकुळे. त्यांच्या अंगाभोवती तो पट्टा कधी इतका बाहेर आलाच नव्हता. पण हे त्या माणसाला कसं पटवायचं? आयुष्यात ऑफिसचं पेनही घरी न आणलेला माणूस लबाड ठरून शोरूमच्या बाहेर पडला.

परतताना वैजयंताबाईंना आठवलं.

"आवं, सौदा ठरला तव्हा दत्ताभाऊ काय म्हनले हुते?"

"काय?"

"गंगेत घोडं न्हालं एकदाचं! तव्हाच सांगितलं की त्येंनी. आपल्यालाच कळलं न्हाई."

"म्हण हाय ती, वैजू. काम पार पडलं की समदेच म्हनतात."

"म्हनतात की. पर समद्यांचं घोडं खरंच न्हालेलं नसतं."

 गाडीचा भाव निम्म्याहून खाली आला होता, पण त्याचं नागोरावांना तेवढं काही वाटलं नाही. दत्ताभाऊंना ठाऊक नसावं, एवढंच त्यांना हवं होतं. तसं झालं असतं तर गाडी त्यांनी फुकटही देऊन टाकली असती.

संध्याकाळी ते घाडींकडे गेले. दत्ताराम ऐकता ऐकताच उसळले.

"अरे, काय बोलतोयस? मी पण सेकंडहँडच घेतलेली ना, वसईच्या एजंटकडून! मला काय स्वप्न पडलं होतं? आणि एका म्हणीवरून मला चोर ठरवतोस?"

मुद्दा बिनतोड होता. नागोरावांना इतकं हलकं वाटलं की त्यांनी वर माफी मागितली. घाडींच्या बायकोने, सुचेतावहिनींनी चहा आणला. एरवी त्यांच्या तोंडाचा पट्टा थांबत नाही, पण कप ठेवताना त्या चकार शब्द बोलल्या नाहीत.

निघताना दत्ताराम पोचवायला उठले. घाडी उठतात म्हणजे आधी पोट उठतं, मग घाडी. नागोराव चपला घालत होते. त्यांची नजर त्या पोटावर गेली आणि तिथेच थांबली.

"दत्ताभाऊ, जरा खाली येता? गाडीत बसून बघा एकदा."

"आता कशाला?"

"या तर."

मी तेव्हा पार्किंगमध्ये मीटरच्या खोलीपाशी उभा होतो. दुसरा कुणी असता तर सभ्यपणे निघून गेला असता. मी थांबलो.

दत्ताराम ड्रायव्हरच्या सीटवर बसले. नागोराव म्हणाले, "पट्टा लावा." त्यांनी ओढला. पोटाला वळसा घालेपर्यंत पट्टा येतच राहिला, मग खट् करून लागला. खांद्याजवळ, पांढऱ्या शर्टावर, वीतभर मातकट डाग येऊन बसला. विकण्याआधी वर्षभर ते ही गाडी घेऊन रोज काशिमीऱ्याला कामावर जात होते. डाग रोज तिथेच बसत असणार.

दत्ताराम समोरच्या भिंतीकडे बघत राहिले. डाग कुठे आला, हे बघायला त्यांची मान वळली नाही. तिथेच मला समजलं, आणि नागोरावांनाही.

"कवापास्नं म्हाईत हुतं?"

दत्ताराम म्हणाले, "घेतली त्याच महिन्यात. सुचेताने विचारलं, शर्टाला माती कसली लागते म्हणून."

"मग मलाच का, दत्ताभाऊ?"

"अरे, बघायला आले ते सगळे मेकॅनिक घेऊन आले," दत्ताराम म्हणाले. "तू एकटाच तसाच आलास."

या उत्तराचा मला आजही राग येतो. ते खोटं असतं तर कदाचित आला नसता.

दत्ताराम उतरायला गेले, पण पट्टा सुटेना. लाल बटण दाबलं, हिसडे दिले, चेहरा तांबडा झाला. बटण गंजलेलं होतं. ते जरा डावीकडे रेटून दाबावं लागे आणि ती खोड आता नागोरावांनाच ठाऊक होती. ते वाकले, दत्तारामांच्या पोटावरून हात घालून त्यांनी बटण दाबलं, पट्टा सोडवला आणि दार धरलं.

"उतरा, घाडीसाहेब," ते म्हणाले.

दत्ताराम जिना चढून गेले. नागोराव गाडी जागेवर लावायला आत बसले, तेवढ्यात एक टेम्पो आत यायला लागला आणि गेटातून यादवची हाक आली, "घाडी साब की गाडी जरा पीछे लीजिए!"

नागोरावांनी काच खाली केली.

"हां भैया," ते म्हणाले, "उन्हीं की है." आणि गाडी मागे घेतली.