व्हितोमिरची कबर

"माझी कबर शोधून द्या म्हणतात," व्हितोमिर म्हणाला.

देसांका अंगणातल्या चुलीवर लाल मिरच्या भाजत होती. हिवाळ्याच्या चटणीचे दिवस होते. धुराने तिचे डोळे गळत होते, त्यामुळे तिने नवऱ्याकडे पाहिलं नाही.

"कुणाची?"

"माझी. व्हितोमिर तोमानिच. जन्म चोपन्न, मृत्यू पासष्ट. ग्राबोवित्सा गावची दफनभूमी. सापडल्यास फोटो पाठवावा."

"मग जा, आडवा हो तिथं. एवढ्या मिरच्या झाल्या की येते मी फोटो काढायला."

तो हसला नाही, तेव्हा तिने चिमटा खाली ठेवला, एप्रनला हात पुसले आणि त्याचा फोन लांब धरून वाचला. कॅनडातल्या हॅमिल्टन शहरातून रूझा नावाच्या कुणा बाईने लिहिलं होतं. तिला तीन कबरी हव्या होत्या. एक आजीची, बापाच्या आईची, जिचं नाव तिला ठेवलं होतं. आणि दोन, बापाची पहिली बायको स्तामेना आणि मुलगा व्हितोमिर यांच्या. 'दोघं पासष्टच्या पुरात गेले असं बाबा सांगायचे. बाबा आता नाहीत, माझी आई माग्दालेनाही नाही. त्या दोघांच्या जागेचा निदान फोटो मिळाला तर मोठे उपकार होतील.'

देसांकाने ते दोनदा वाचलं. "पुरात," ती म्हणाली.

"पुरात. आठ वर्षं थांबलो होतो, देसांका. शेवटी आले."

ही हकिकत ग्राबोवित्सात सगळ्यांना ठाऊक होती, फक्त तोंडाने कुणी बोलत नसे. व्हितोमिरचा बाप ओब्राद त्रेसष्ट साली कामासाठी कॅनडात गेला. दोन वर्षांनी त्याचं एक पत्र आलं. स्तामेनाने ते उभ्याउभ्या वाचलं, चुलीत घातलं आणि दुसऱ्या दिवशी काळे कपडे घालून दुकानात गेली. कारखान्यात अपघात झाला, म्हणाली, तिकडेच पुरलं. चाळिसाव्या दिवशी तिने गावजेवण घातलं. लोक जेवले, उकडलेले गोड गहू खाल्ले, पेल्यातल्या राकिया दारूचे दोन थेंब जमिनीवर सांडून 'देव त्याच्या आत्म्याला क्षमा करो' म्हणाले. पंगतीत इलिया नावाचा एकजण होता. तो आठच दिवसांपूर्वी हॅमिल्टनहून सुट्टीवर आला होता, आणि निघताना त्याला स्टेशनवर पोचवायला ओब्रादच आला होता. इलियाने दोनदा वाढून घेतलं.

वर्षाच्या आत स्तामेनाने दोन कालवडी विकून काळा दगड उभा केला. जोडप्याचा दगड एकदमच करायची रीत, तसा तिनेही केला. डावीकडे ओब्रादचा चेहरा, लग्नातल्या फोटोवरून कोरलेला, खाली १९३०–१९६५. उजवीकडे ती स्वतः, जिवंत, मृत्यूच्या सालाची जागा मोकळी. आणि वर्षातून चार वेळा, पितरांच्या शनिवारी, ती पाद्रीबुवांकडून ओब्रादचं नाव मेलेल्यांच्या यादीत वाचून घ्यायची. जिवंत माणसाचं नाव मेलेल्यांत वाचलं की तो झिजत जातो, असं म्हणतात. ओब्राद पुढची अठ्ठावीस वर्षं धडधाकट राहिला. पण स्तामेनाने एकही शनिवार चुकवला नाही. लहानगा व्हितोमिर शेजारी मेणबत्ती धरून उभा असायचा.

चौदाव्या वर्षी शाळेत एक पोरगा त्याला म्हणाला, "तुझ्या मेलेल्या बापाने आमच्या काकाला नमस्कार सांगितलाय." व्हितोमिरने त्याचा दात पाडला. घरी येऊन त्याने आईला काही विचारलं नाही, आणि आईनेही सदऱ्यावरच्या रक्ताबद्दल विचारलं नाही. दोन हजार एक साली ती गेली, तेव्हा मोकळ्या जागेत तिचं साल त्याने समोर उभं राहून कोरून घेतलं.

चौतीस वर्षं तो नळखात्यात मीटर वाचत होता. खड्ड्याचं झाकण उचलायचं, गुडघ्यांवर बसायचं, धुरकट काचेखालचा आकडा वाचायचा. घरमालक काहीही सांगोत, काचेखाली दिसेल तेच लिहायचं. निवृत्त झाल्यावर त्याला कळलं की इंटरनेटवर एक जागा आहे, तिथे परदेशातले लोक आपल्या पूर्वजांच्या कबरींचे फोटो मागतात आणि कुणी अनोळखी माणूस ते फुकट काढून देतो. तो तिथे 'मीटर' या नावाने शिरला. झिजलेल्या अक्षरांवर आरशाने तिरका उजेड पाडायचा, शेवाळ ओल्या ब्रशने हळू काढायचं, यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. चौदा गावांतले चार हजारांवर दगड त्याने टिपले. अर्जेंटिनातून, शिकागोतून आशीर्वाद यायचे. गावाला वाटायचं, म्हातारा पुण्य जोडतोय.

तो पुण्यबिण्य काही जोडत नव्हता. तो गळ टाकून बसला होता. एकच दगड त्याने अजून टिपलेला नव्हता. कधीतरी त्या घरातलं कुणी मुळं शोधत येईल, येतातच. मग तो एकच फोटो पाठवायचा. ओब्राद, १९३०–१९६५. खाली एक शब्द नाही. बसा म्हणावं गणित करत.

आणि आता ती माणसं मागत होती त्याचीच कबर.

"तिनं तुझं काय घोडं मारलंय?" देसांका म्हणाली. "तेव्हा ती जन्मली तरी होती का?"

"मी अकरा वर्षांचा होतो. मला बुडवला त्याने."

"त्याने. तिने नाही."

"तो निसटला ना पण! आता हाती लागली ती हीच."

"आणि तुझ्या आईनं त्याला मारला, ते रे?"

"आईने मारला कारण तो आमच्यासाठी मेलाच होता. मी कुठे मेलो होतो? मी इथं शाळेत जात होतो. लाकडं फोडत होतो."

"घे, मिरच्या जळल्या तुझ्या नादात," देसांका म्हणाली आणि चुलीकडे वळली.

त्याने उत्तर लिहिलं: 'तिन्ही जागा माहीत आहेत. फोटोत नीट येणार नाहीत. दोन नोव्हेंबरला पितरांचा शनिवार आहे. स्वतः या.' खाली 'मीटर' एवढीच सही. मग महिनाभर तो एका वाक्याला धार लावत होता. दाढी करताना, लाकडं रचताना, ओठ हलायचे. देसांकाला ते दिसत होतं. ती भांडी जरा जास्तच आपटायची.

त्या शनिवारी दफनभूमीत उभं राहायला जागा नव्हती. प्रत्येक कबरीवर चादर अंथरलेली, तिच्यावर पाव, चीज, भाजलेलं डुकराचं मांस, गव्हाच्या थाळीत खोचलेली मेणबत्ती. फाटकाशी टॅक्सी थांबली. लांब राखाडी कोट घातलेली, साठीला टेकलेली एक बाई हातभर पांढरी शेवंती घेऊन उतरली आणि चिखलातून सरळ चालत आली. हनुवटी ओब्रादची. व्हितोमिरला विचारावं लागलं नाही.

"देव समद्यांचं भलं करो," ती म्हणाली. "मीटरभाऊ कोन हाय हितं?"

आसपासचे लोक हसले. शेजारच्या कबरीवर जेवायला बसलेला म्हातारा झिवोता घास तोंडात ठेवूनच म्हणाला, "अरे, कोट कॅनडाचा आणि बोली माझ्या आजोबाची!"

"माज्या बापानं हीच शिकवली," बाई म्हणाली. तीही हसली. "त्याला दुसरी कुटं येत हुती?"

असं बोलणारी शेवटची बाई व्हितोमिरची आई. टीव्हीने गावातल्या सगळ्यांच्या जिभा धुऊन काढल्या होत्या. ही बोली तिकडे समुद्रापार एका स्वयंपाकघरात टिकून राहिली होती. आणि वर ते 'भाऊ'. तो फक्त म्हणाला, "मीच. चला."

आजीच्या कबरीपाशी ती गुडघ्यांवर बसली, दगडाला ओठ टेकले, तीन मेणबत्त्या लावल्या. "तुजंच नाव हाय मला," दगडाला म्हणाली. व्हितोमिर टोपी हातात घेऊन थांबला. त्याला घाई नव्हती.

"आन् स्तामेना?" तिने उठत विचारलं.

तो बाजूला सरकला. त्याच्या पाठीमागेच तो काळा दगड होता. देसांका तिथे चादरीवर पाव कापत बसली होती. तिचा सुरीचा हात थांबला.

बाईने उजवीकडचा चेहरा पाहिला. मग डावीकडचा. "ह्यो तर माजा बा."

"वाचा."

तिने आकड्यांवरून बोट फिरवलं. "हे चुकलंय. बा त्र्याण्णवला गेला. माज्या हातावर गेला."

"दगडावर हेच आहे. पुढे वाचा."

"स्तामेना... दोन हजार एक?" तिने मागे वळून पाहिलं. "ती तर पुरात..."

"खाली आणखी एक ओळ आहे."

"पुरे रे," देसांका पुटपुटली.

"वाचू दे तिला. एवढ्या लांबून आलीय."

"पत्नी स्तामेना," बाईने एकेक अक्षर जोडत वाचलं, "आनि मुलगा व्हितोमिर... ह्यांनी उभारला." ती कबरीच्या कडेवर बसली. शेवंती मांडीवरून घसरून चिखलात पडली, ती तिने उचलली नाही. देसांकाने पुढे केलेला पाव तिने घेतला आणि तसाच हातात धरून ठेवला.

"म्हंजी बा खोटं बोलला," ती शेवटी म्हणाली. "जन्मभर." मग एकदम मान वर करून, "आन् पोरगा? त्याचं काय झालं? त्याची कबर कुटं हाय?"

हीच वेळ होती. पण धूपदान हलवत पाद्रीबुवा त्यांच्यापर्यंत येऊन पोचले होते, आणि व्हितोमिर म्हणाला, "सांगतो. आधी नावं होऊ देत."

बाईने कोटाच्या खिशातून घडी घातलेला कागद काढून पाद्रीबुवांच्या हातात दिला. हॅमिल्टनच्या चर्चमधला छापील कागद. एका बाजूला मेलेल्यांची नावं लिहायची, दुसऱ्या बाजूला जिवंतांची. पाद्रीबुवांनी कबरीवर वाइन शिंपडली आणि वाचायला लागले.

"रूझा. ओब्राद. माग्दालेना. स्तामेना. व्हि..."

ते अडखळले. चष्म्यावरून त्यांनी व्हितोमिरकडे पाहिलं. त्याच सकाळी व्हितोमिरने त्यांना राकिया पाजली होती.

"वाचा की," बाई म्हणाली. "व्हितोमिर. आता तर मला काईच ठावं न्हाई, पन ते नाव ऱ्हाऊ द्या. सा वर्सांची हुते तवापास्नं मीच लिवते, येक्कावन्न वर्सं झाली. बा म्हनायचा, माजा हात थरथरतो, तू लिव. वर्साला चार येळा. आदी अक्षर वाकडं यायचं, मग बा म्हनायचा, नीट काड, तुजा भाऊ हाय त्यो."

व्हितोमिरला आकडे सवयीने सुचायचे. एक्कावन्न वर्षं, चार चार वेळा. दोनशेच्या वर वेळा ह्या बाईने त्याचं नाव मेलेल्यांत वाचून घेतलं होतं.

"ते नाव सोडा, पाद्रीबुवा," तो मोठ्याने म्हणाला. आजूबाजूच्या कबरींवरचं बोलणं थांबलं. तो बाईकडे वळला. "तो मेलेला नाही. पूर आला होता खरा. पण आमचं घर टेकडीवर आहे. तिथं पाणी आजपर्यंत चढलेलं नाही. मी अकरा वर्षांचा होतो, माझे पायसुद्धा भिजले नाहीत. तुझ्या बापाने आम्हाला कोरड्या जमिनीवर बुडवलं."

झिवोताचा पेला हवेत तसाच राहिला.

आणि झालं ते अगदी व्हितोमिरने योजल्यासारखं झालं. बाईच्या चेहऱ्यावरचा रंग खालपर्यंत उतरला. ओठ उघडे राहिले. ओब्रादची ती हनुवटी थरथरायला लागली. त्याने नजर हलवली नाही. आठ वर्षं, आणि त्याच्याही आधीची कितीतरी, ह्याच्यासाठीच घालवली होती. त्यातला कणही तो सांडू देणार नव्हता.

"म्हंजी तू..." ती म्हणाली.

"मी."

ती रडली नाही. माफीही मागितली नाही. ती उठली, हातातला पाव देसांकाकडे परत दिला, पाद्रीबुवांच्या बोटांतून कागद काढून घेतला आणि पेनासाठी हात पुढे केला. लिहायला दुसरं काही नव्हतं, म्हणून तिने कागद काळ्या दगडावरच टेकवला, ओब्रादच्या कोरलेल्या गालावर. शेवटच्या नावावर तिने एक रेघ मारली. पेन जिथे कोरीव रेषेवरून गेलं तिथे कागद फाटला. मग तो उलटा करून तिने दुसऱ्या बाजूला लिहिलं. सावकाश, एकेक अक्षर नीट काढत. आणि परत दिला.

पाद्रीबुवांनी पाहिलं. "जिवंतांची नावं आज नाही वाचत, बाई. उद्याच्या प्रार्थनेत वाचीन."

"उद्या वाचा."

ते अजून कागदाकडेच पाहत होते. "या बाजूला एवढं एकच?"

"येकच," ती म्हणाली. "दुसरं कुनी न्हाई."

पाद्रीबुवांनी कागद पुस्तकात ठेवला आणि ते झिवोताच्या कबरीकडे वळले. लोक पुन्हा बोलायला लागले, हळू आवाजात. देसांका चादरीवर एका बाजूला सरकली आणि थाळी पुढे ओढली. व्हितोमिरने टोपी डोक्यावर ठेवायला हात वर नेला. मग त्याने तो खाली घेतला, आणि टोपी दोन्ही हातांत धरून तो तसाच उघड्या डोक्याने उभा राहिला.