बुधला निवळेना

आमचे हे निवृत्त झाले आणि महिनाभरात मला कळलं, की घरात बसलेला माणूस कपाटापेक्षा जास्त जागा अडवतो. तेहतीस वर्षं ते जलशुद्धीकरण केंद्रात रसायनतज्ज्ञ होते. सगळं शहर आपल्याला विचारून पाणी पितं, असा त्यांचा तोरा. आता त्यांना कुणी काहीच विचारेना, तेव्हा ते माझ्या पिठामिठाच्या डब्यांवर तारखा लिहायला लागले.

म्हणून त्यांनी आलुबुखाराची वाइन करायचं काढलं तेव्हा फळं मीच आणून दिली. वाइन आंबली, गाळ खाली बसला, ह्यांनी रबरी नळीने वरची वाइन दुसऱ्या काचेच्या बुधल्यात ओढून घेतली. सगळं पुस्तकाबरहुकूम. पण तीन महिने झाले तरी बुधला निवळेना. चव चांगली होती, रूप मात्र पुराच्या पाण्याचं. हे रोज सकाळी बुधला उचलून खिडकीत नेत, मागे बॅटरी धरत आणि उसासा टाकून परत ठेवत. मी म्हटलंही, झोपलेल्याला रोज हलवून 'झोपलास का' विचारलं, तर तो झोपेल कसा?

एका सोमवारी त्यांनी जाहीर केलं, की रविवारपर्यंत निवळली नाही तर सगळी मोरीत ओतणार. मला वाइनची फिकीर नव्हती. ती मोरीत गेली तर हा माणूस त्या खिडकीत कायमचा बसेल, ह्याची होती.

खालच्या मजल्यावर एक जॅमवाली आहे. जॅम आणि फळांचे रस करून विकते. ह्यांना न सांगता मी तिच्याकडे वाटीभर वाइन घेऊन गेले. तिने त्यातली चमचाभर थोड्या स्पिरिटमध्ये घातली, तर आत जेलीसारख्या तारा धरल्या. फळं उकळली होती का, तिने विचारलं. उकळली होती, वीस मिनिटं, घड्याळ लावून. पाणीवाला माणूस तो, जंतू मारल्याशिवाय पुढे कसा सरकेल? ती हसून हसून स्टुलावर बसली. उकळल्यावर फळातलं पेक्टिन सुटतं, त्यानेच जॅम धरतो. म्हणजे ह्यांनी अर्धामुर्धा जॅम करून तो आंबवला होता. ते पेक्टिन तोडणारी पावडर तिच्याकडे होती, रस निवळायला ती तीच वापरायची.

आता हे सांगायचं कसं, ह्या विचारात मी वर आले, तर ह्यांनी नरसाळ्यात कोळशाची भुकटी भरून एक बाटलीभर वाइन गाळली होती. निवळशंख! पलीकडे धरलेलं वर्तमानपत्र वाचता येत होतं. ऐटीत त्यांनी एक घोट घेतला आणि बाटली माझ्यापुढे सरकवली. मी घेतला. रंग गेला होता, वास गेला होता, चवही गेली होती.

"अगं," ते हळूच म्हणाले, "मी परत पाणीच केलं."

हसू येत होतं, पण त्यांचा चेहरा बघून मी ते गिळलं.

"पाणी तुम्हाला येतंच," मी म्हटलं. "वाइनचं खालच्या बाईला विचारा." आणि उकळण्याचं सगळं सांगून टाकलं.

मला वाटलं, आता भांडण. तेहतीस वर्षांत ह्यांनी कुणाला काही विचारलेलं मला आठवत नाही. पण त्यांनी बूट घातले आणि ते खाली गेले.

दोन तासांनी परतले, ते एका खिशात पावडरची पुडी आणि दुसऱ्या खिशात तपासायला तिच्या नळाच्या पाण्याची बाटली घेऊन. धुतल्यावर जॅमवालीच्या बरण्यांवर पांढरा थर धरत होता. दोन वर्षं कुणाला कारण सापडलं नव्हतं, आणि तिने ते ह्यांना विचारलं होतं. पावडर घालून गाळ बसला की वाइन पुन्हा ओढून घ्यायची आणि सहा महिने अंधारात ठेवायची, हात लावायचा नाही, असं तिने बजावून सांगितलं होतं. हे त्यांनी घाईघाईत सांगितलं. पाण्याविषयी मात्र जेवण होईपर्यंत बोलत होते.

"उद्या सातला उठव," झोपताना ते म्हणाले. "कामावर जायचंय."

ह्या वाक्याचा मला तेहतीस वर्षं वैताग यायचा. त्या रात्री ते ऐकून मी कूस बदलून डोळे पुसले.

वाइन छान निवळली, मुरून चवीलाही उतरली. पण सहा महिने झाले, आता बुधला उघडायचा, ह्याची आठवण मलाच ह्यांना करून द्यावी लागली.