बाबा मुंबईला गेलेत

पाहुणे यायचे म्हटलं की हिरूला वाडीवरच्या खोलीत नेऊन बसवायचं आणि बाहेरून कडी घालायची, हा त्या घरातला रिवाजच होऊन बसला होता. कुणी ठरवलं, कधी ठरवलं, हे विचारायची सोय नव्हती. समीक्षा सहा वर्षांची असताना तिच्या बापाला, हिरूला, पहिली फिट आली ती भर खळ्यात, भाताची झोडणी चालू असताना. तेव्हापासून घरात दोन गोष्टी सुरू झाल्या, सकाळ-संध्याकाळची गोळी आणि लपवाछपवी. गोळी पहिल्या काही वर्षांत कधीमधी चुकायची. लपवाछपवी एकदाही चुकली नाही.

खालापूरच्या अलीकडच्या चौक गावापासून आत चारेक किलोमीटरवर त्यांचं गाव. गावाला सगळं माहीत होतं, पण गाव तोंड उघडत नव्हतं. गावाच्या पोरीही बाहेर द्यायच्या होत्या, आणि प्रत्येक घरात झाकून ठेवण्यासारखं काहीतरी होतंच. घराण्याला फिटचा डाग आहे असं एकदा बाहेर गेलं की संपलं, असं काशीकाका म्हणायचा. काशिनाथ हिरूचा धाकटा भाऊ. भाऊ आजारी पडला आणि याला पुढच्या खोलीतली हातांची खुर्ची मिळाली, ती त्यानं पुन्हा सोडली नाही.

खोलीत बापाजवळ बसायचं काम समीक्षाचं. थोरली संजना दाखवायची मुलगी, आई चहापाण्यात, काकू मिरवण्यात. उरली समीक्षा. दहाव्या वर्षी पनवेलच्या डॉक्टरांनी तिला समोर बसवून शिकवलं, की फिट आली तर कुशीवर वळवायचं, डोक्याखाली मऊ काहीतरी द्यायचं, तोंडात काही म्हणजे काही घालायचं नाही. त्याआधी काका तोंडात चमचा घालायचा आणि नाकाला चप्पल लावायचा. चमच्यानं हिरूचे पुढचे दोन दात गेले. काकानं त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. उलट लोकांना सांगायचा, दादा बांधावरून पडला.

संजनाचं लग्न झालं तेव्हा समीक्षा चौदा वर्षांची होती. मांडव दारात, आणि नवरीचा बाप वाडीवर. कन्यादान काका-काकूंनी केलं. वऱ्हाडाला सांगितलं, मुलीचे वडील कोर्टाच्या कामात मुंबईला अडकलेत. पोरीच्या लग्नादिवशी कोर्टात अडकणारा बाप कसा असेल, हेसुद्धा कुणाला विचारावंसं वाटलं नाही! समीक्षानं ओढणीच्या टोकाला मूठभर अक्षता बांधून नेल्या होत्या. लाउडस्पीकरवर मंगलाष्टका ऐकू येत होत्या, आणि प्रत्येक ‘सावधान’ला हिरू चार दाणे खताच्या गोण्यांवर टाकत होता. शेवटी तो म्हणाला, “झालं बग गं, छान झालं.” समीक्षाला त्या दिवशी जो राग आला तो आजतागायत उतरलेला नव्हता. काकावर, आईवर, मांडवात नटून बसलेल्या बहिणीवर, आणि ‘छान झालं’ म्हणणाऱ्या बापावर सगळ्यात जास्त.

आता ती तेवीस वर्षांची होती. अख्खी भावकी तिला सांगायची, “तू नर्स हो गं, तू तर अर्धी नर्सच हायेस.” नर्स! सतरा वर्षं एका माणसाची राखण केली, आता उरलेल्या जगाची कर. तिनं कुणाचं ऐकलं नाही. आयटीआयला सर्व्हेअरचा कोर्स घेतला, वर्गात मुली दोनच. तिला मोजणी आवडायची. जमीन जिथे आहे तिथे आहे म्हणायचं, कुणाला काय वाटेल याचा विचार करायचा नाही. खालापूरला ठोंबरे नावाचे खासगी मोजणीवाले होते, त्यांनी तिला सोमवारपासून कामावर बोलावलं होतं.

आईनं, मोतीबाईनं, ते ऐकलं आणि भाकरी तव्यावर तशीच ठेवून म्हणाली, “तू गेलीस तं ह्यांच्याजवल कोन बसंल?”

“आनि लग्न करून गेले तं कोन बसंल?”

“तवाचं तवा बगू.”

काकानं त्यावर कडी केली. “आदी रविवारचे पावणे. त्यांनी हो म्हटलं तं नोकरी कशाला पायजे? आनि नाय म्हटलं तं मग बगू.” म्हणजे नोकरीचा निकालही पाहुणेच देणार होते, चहा पिता पिता.

रविवारी सकाळी काका हिरूला घेऊन वाडीवर गेला. हिरू धुतलेला सदरा घालून, पाण्याची बाटली काखेत धरून निमूट चालत गेला. समीक्षा तेव्हा आतल्या खोलीत होती. काकू तिला साडी नेसवत होती, पिना टोचत होती आणि नाक मुरडत होती. कडी ऐकू यावी इतकी वाडी काही जवळ नव्हती, पण समीक्षाला ती कडी ऐकू आल्यासारखी झाली. या वेळी दाखवायची मुलगी तीच होती. मग खोलीत बापाजवळ कोण होतं? कुणीच नाही. या साध्या गोष्टीचा विचार घरातल्या एकाही शहाण्यानं केला नव्हता.

पाहुणे कळंबचे. मुलगा हर्षद, त्याचे आईवडील आणि एक आत्या. माणसं तशी वाईट नव्हती. पोहे खाल्ले, कोथिंबिरीचं कौतुक केलं. मुलाच्या वडिलांनी विचारलं, “मुलीचे वडील दिसत नाहीत?”

“दादा मुंबईला गेलेत, कोर्टाचं काम,” काका म्हणाला. नऊ वर्षांत कोर्टसुद्धा बदललं नव्हतं.

आत्यानं समीक्षाला विचारलं, “रोज सकाळी कितीला उठतेस गं?” आणि समीक्षा उत्तर द्यायला गेली ती अडखळलीच. उठल्याबरोबर ती पहिलं काम करायची ते बापाला गोळी द्यायचं. आज उठली ती थेट काकूच्या तावडीत. आईनं दिली असेल? तिनं आईकडे पाहिलं. आई ट्रे घेऊन उभी होती.

“आई, गोली दिलीस?”

मोतीबाईचा चेहरा पांढरा पडला. “तू नाय दिलीस?”

“कसली गोळी?” आत्यानं विचारलं.

“म्हशीची,” काका हसत म्हणाला. “म्हस आजारी हाय आमची.”

समीक्षा उठली. पाहुण्यांसमोरून, पदर कमरेला खोचत, अनवाणी पळत सुटली. मागून काका ओरडला, “म्हशीवर लय जीव हाय पोरीचा!” ते तिच्या कानांवर पडलं आणि पायांना आणखीच जोर आला.

कडी काढली तेव्हा हिरू जमिनीवर होता. फिट येऊन गेली होती. तो उताणा पडला होता, ओठ चावला गेला होता, रक्ताची लाळ गळ्यापर्यंत आली होती, विजार ओली होती. श्वास मोठ्यानं चालला होता. तिनं त्याला कुशीवर वळवलं, साडीचा घोळ गोळा करून डोक्याखाली दिला आणि तिथेच बसून राहिली. फवारणीचा पंप त्याच्या कपाळापासून वीतभर अंतरावर होता. वीतभर. तिला रडू येईना. चुकलं तिचंही होतं, आणि त्याचाही तिला राग आला, की तीन मोठी माणसं घरात असताना चूक फक्त तिचीच कशी होऊ शकते.

बऱ्याच वेळानं हिरूनं डोळे उघडले. तिला ओळखायला त्याला थोडा वेळ लागला.

“पावणे गेले?”

“नाय.”

“मंग कडी कशाला काडलीस? कुनी बगितलं तं?”

तिनं त्याला पाणी पाजलं, पुरता शुद्धीवर येऊ दिलं, तोंड पुसलं. मग हाताला धरून उभं केलं. “घरी चला. पुडल्या दारानं.” हिरू मागच्या वाटेकडे वळू लागला, तिनं हात सोडला नाही.

दोघं पुढच्या दारात उभी राहिली तेव्हा काकानं दुसऱ्या चहावर थोपवलेले पाहुणे निघायच्या बेतात होते. सगळ्यांच्या नजरा हिरूच्या सदऱ्यावरच्या रक्ताकडे गेल्या. काका चटकन उठला आणि अगदी सहज, भाजीचा भाव सांगावा तसं म्हणाला, “हा आमचा वाडीवरचा गडी. पडलेला दिसतोय. जा रं, मागं जाऊन बस.”

सख्खा भाऊ. ज्याच्या नावावर ते घर होतं, तो माणूस. पण त्याहून भयंकर पुढेच घडलं. हिरूनं पाहुण्यांना गड्यासारखे हात जोडले आणि चपला काढल्या होत्या तिथे, पायरीच्या कडेला, अंग चोरून बसला. सांगितल्याबरोबर बसला.

समीक्षाच्या डोक्यात तिडीक गेली.

“हा गडी नाय. ह्ये माजे बाबा हायेत. मुंबईला नाय गेलेले, संजूच्या लग्नातपन मुंबईला नव्हते गेलेले. ह्यांना फिट येतात. सतरा वरसं येतात. ह्या घरच्यांनी त्यांना वाडीवर कोंडून ठेवले होते, कारन तुमी येनार होते. आनि म्हस आमच्याकडं नाय. कंदीच नव्हती.”

मुलाच्या वडिलांनी कप खाली ठेवला. “आम्ही कळवतो,” असं म्हणाले. आत्या पायरी उतरताना हिरूला वळसा घालून गेली, जणू आजार पायाला चिकटेल. हर्षदनं एकदा मागे वळून पाहिलं आणि गाडीत जाऊन बसला.

गाडी वळली आणि काकाचं तोंड सुटलं. “घराची अब्रू येशीवर टांगलीस! संजीच्या सासरी कललं, तिला घरी पाटवली, मंग?” मोतीबाई दाराला टेकून रडत होती. समीक्षानं दोघांकडे पाहिलं नाही. ती बापापुढे उकिडवी बसली.

“तुमी हात का जोडलेत?”

“आं?”

“त्यानं गडी म्हटलं तवा तुमी हात का जोडलेत, बाबा? तुमाला राग नाय येत? मीच एकटीनं किती रागवायचं?”

हिरू आपल्या हातांकडे बघत राहिला. ओठ सुजला होता, शब्द जड पडत होते. “सवय झाली गं,” तो म्हणाला. काका ओरडून दमला आणि आपल्या हातांच्या खुर्चीत टेकला. तेव्हा हिरू भिंतीला धरून उठला, आत गेला आणि भावासमोर उभा राहिला.

“काशी, ऊठ.”

“काय?”

“खुर्चीवरनं ऊठ. मला बसायचंय.” काका उठला नाही, तसा हिरूचा आवाज चढला. त्या घरात तो आवाज किती वर्षांत कुणी ऐकला नव्हता. “ऊठ म्हंतो ना! आजपास्नं मी हितं बसनार. फिट आली तं हितंच पडंन, पावण्यांच्या पुड्यात पडंन. आनि ती उद्या कामाला जानार. तिला कुनी आडवायचं नाय.”

काका उठला. हिरू ओल्या विजारीनिशी खुर्चीत बसला. समीक्षाला वाटलं होतं, असं काही झालं तर आपल्याला आनंद होईल. तिला आणखीच चीड आली. हे एक वाक्य बोलायला एवढी वर्षं लागतात का माणसाला?

सोमवारी खालापूरच्या पुढे एका माळावर मोजणी होती. ठोंबरे तिवईवरच्या यंत्राला डोळा लावून उभे, आणि समीक्षा शंभरेक पावलांवर, यंत्राचा नेम लागतो तो काचेच्या प्रिझमचा दांडा धरून. यंत्र जुळवता जुळवता ते तिथूनच ओरडून चौकशी करत होते, नवीन माणसाची करतात तशी. गाव कुठलं, भावंडं किती.

“वडील काय करतात?”

मुंबईला असतात, हे तिच्या जिभेवर आलंसुद्धा. तिनं ते गिळलं.

“शेती करतात,” ती ओरडली. मग सगळा जोर काढून म्हणाली, “त्यांना फिट येतात!”

आता काय होईल, ते होऊ दे. तिनं दांडा घट्ट आवळला.

“गोळ्या चालू आहेत ना?” ठोंबऱ्यांनी यंत्रावरचा डोळासुद्धा काढला नाही.

“हो.”

“मग ठीक आहे. दांडा डावीकडे कलतोय, सरळ कर.”

ती वाट बघत राहिली. पुढे काहीच नव्हतं. माळावर वारा होता, द्रुतगती मार्गावरून ट्रक चालले होते, आणि ठोंबरे वहीत आकडा लिहीत होते. एवढंच? या एवढ्याशासाठी तिच्या बापाला माणसांतून उठवलं होतं? तिला मोठ्यानं शिव्या घालाव्याशा वाटल्या, पण घालणार कुणाला?

“हलू नको गं!” ठोंबरे ओरडले.

तिचे डोळे संतापानं भरून वाहत होते. तिनं दांडा सरळ केला.