अकरा वाजून सात मिनिटं

"पहिली लाल चौकट नक्की कधी आली?" ताईंनी विचारलं. मी लगेच दाराकडे बोट केलं. "यांना विचारा. सगळा प्रताप यांचाच."

ताई कोपऱ्यावरच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानातल्या, आणि दारात उभे होते ते माझे बाबा. दोन दिवसांपूर्वी आमच्या कॉम्प्युटरवर चौकट उमटली होती, 'एकशे त्रेचाळीस व्हायरस सापडले', आणि खाली बटण, 'ताबडतोब साफ करा'. बाबांनी ते इमानेइतबारे दाबलं. मग त्या रखवालदाराचं सोंग घेतलेल्या चोराने घरच ताब्यात घेतलं. काही उघडू देईना, सारखा कार्डाचा नंबर मागू लागला, आणि सगळ्या फायली गायब.

त्यात बाबांचं लिखाण होतं. चौतीस वर्षं कारखान्याचा बॉयलर सांभाळलेला माणूस, नव्या कामगारांसाठी दोन वर्षं दोन बोटांनी टाइप करत होता. एकशे साठ पानं झाली होती. त्याची कॉपी काढून ठेवतो, असं मी वर्षभर नुसतं म्हणत होतो. पण घोळ झाल्यावर मी ते सोयीस्करपणे विसरलो आणि त्यांच्यावरच डाफरलो, की यापुढे या मशीनला हात लावू नका. तेव्हापासून ते खोलीच्या आत आले नव्हते.

"काका, बटण का दाबलंत?" ताईंनी विचारलं. आवाजात उलटतपासणी नव्हती.

"लाल दिवा लागला की विचार करत बसायचं नसतं," बाबा म्हणाले. "बॉयलरमधलं पाणी उतरलं असेल आणि तुम्ही बसून राहिलात, तर माणसं जातात."

मला हसू आलं. ताई हसल्या नाहीत. "बरोबर केलंत. हे बनवणारे तुमच्यासारख्याच माणसाची वाट बघत असतात. बेफिकीर माणूस अशी चौकट वाचतच नाही."

बाबांनी खिशातून छोटी वही काढली. पाळीवर असताना ते दर तासाला नोंद करत, ती सवय निवृत्त झाल्यावरही सुटलेली नाही. घरात आम्ही तिची यथेच्छ टिंगल करतो. ताईंनी ती दोन्ही हातांनी घेतली आणि मोठ्याने वाचली.

"११.०७, लाल चौकट. ११.०८, बटण दाबले. ११.१५, फायली दिसत नाहीत. ११.१६, मुलाला फोन. उचलला नाही. ११.३०, पुन्हा फोन. उचलला नाही."

मी पायाखालच्या फरशीकडे बघत राहिलो.

ताईंनी इंटरनेटची वायर काढली आणि कॉम्प्युटर सेफ मोडमध्ये चालू केला. त्यात अगदी गरजेपुरतंच चालू होतं, त्यामुळे चोराला उठता येत नाही, असं त्यांनी बाबांना सांगितलं, मला नाही. मग हजारो फायली वेळेप्रमाणे लावल्या आणि सरकत सरकत त्या दिवशीच्या ११.०८ वर थांबल्या. तिथे एक अर्थहीन अक्षरांच्या नावाची फाइल होती. "वहीत वेळ नसती तर हा शोधायला दिवस गेला असता," त्या म्हणाल्या. ती फाइल काढली, कॉम्प्युटर सुरू होताना तिला जागं करणारी नोंद काढली, मग स्वतःच्या पेनड्राइव्हवरच्या खऱ्या अँटिव्हायरसने सगळं तपासलं. त्याला दीड तास लागला. तेवढ्या वेळात त्यांनी एकदाही मोबाइल पाहिला नाही.

"फायली पुसल्या नाहीत त्याने. घाबरवायला नुसत्या लपवल्यात," त्या म्हणाल्या आणि काहीतरी टाइप केलं. पडद्यावर एकेक फाइल परत आली. बाबांची पण आली. ताईंनी ती उघडली, शेवटचं पान शांतपणे वाचलं आणि विचारलं, बॉयलरमधलं पाणी दाखवणारी काच दिवसातून किती वेळा तपासायची. बाबा दारातूनच सांगू लागले. बोलता बोलता कधी खुर्चीपाशी आले, त्यांनाही कळलं नाही. मला त्या क्षणी दोघांचाही हेवा वाटला. आपल्या कामाची इतकी चाड मला कधी वाटली होती, आठवेना.

एकशे साठ पानं दुसऱ्या पेनड्राइव्हवर उतरवून ताईंनी तो माझ्या हातात ठेवला. मग खुर्चीवरून उठल्या.

"आता एकदा बंद करून चालू करायचा. काका, तुम्ही करा."

बाबा बसले. माउसच्या जवळ हात नेला आणि तिथेच थांबले. चौतीस वर्षांत त्यांच्या बॉयलरला एकही अपघात झाला नाही. तो माणूस मान वळवून माझ्याकडे बघत होता, परवानगीसाठी.

"करा ना, बाबा," मी म्हणालो.

त्यांनी बोटं सदऱ्याला पुसली आणि बटण दाबलं.