फेकायची डिश

चारुता गोळे निवडायला बसली की तिच्याशी बोलायची सोय नसे. कोन गावच्या त्या प्रयोगशाळेत ती माणसाच्या मूळपेशींपासून मेंदूचे इवलेसे गोळे वाढवायची, मसुराएवढे. आणि ते मेले गोळे! एकाच दिवशी लावलेले, एकाच खाण्यावर पोसलेले, तरी काही गोल, काही चपटे. प्रयोगशाळेचे प्रमुख प्रभाकर सर, त्यांनी बजावलंच होतं, "आज एकसारखे दिसले नाहीत, तर मोनालीचं काम बंद."

मोनाली म्हणजे रंजिताची एकोणीस वर्षांची लेक, लहानपणापासून फिट येणारी. रंजिता इथेच काचसामान धुवायची. मोनालीने हौसेने रक्त दिलं होतं आणि त्या रक्तातून बनवलेल्या मूळपेशींपासूनच हे गोळे झाले होते. ते एकसारखे आले, तरच त्यांच्यावर औषधं तपासता येणार होती. रंजिताचा जीव त्या डिशमध्ये अडकला होता.

चारुताने नेहमीसारखे गोल, गुटगुटीत गोळे बाजूला काढले. एका अंगाला चपटे होते, ते दुसऱ्या डिशमध्ये. तिच्या लेखी ते बिघडलेले. ती डिश तिने रंजिताकडे सरकवली. "ब्लीचमध्ये टाक."

रंजिता जागची हलेना.

"अगं, टाक ना!"

"टाकते ताय. पन निरोगी मानसाच्या डिशमदून एवढे चपटे नाय निघत. माज्या पोरीचेच निघतात, दर खेपेला. ती आजारी हाय म्हनून तर रक्त घेतलं ना? मंग आजारी तेवढे फेकून तुमी औषध कोनाला देनार?"

चारुताला आधी रागच आला. आता ही शिकवणार मला! तरी तिने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. अठ्ठेचाळीसपैकी एक्केचाळीस चपटे, आणि सगळे अगदी तेवढेच चपटे. निवडण्याआधीचे जुने फोटो काढले. त्यांतही तेच. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तीन महिने ती मोनालीलाच निवडून टाकत होती.

इतक्यात सर आले. "काय, आले का एकसारखे?"

सात देखणे गोळे समोरच होते. दाखवले असते तर आजचा दिवस निभावला असता. चारुताने फेकायची डिश पुढे केली.

"आलेत, सर. तीन महिने येतायत. मीच फेकत होते."

रंजिताने न सांगताच ब्लीचची बाटली उचलली आणि कपाटात ठेवून दिली.