उपाशी कुंड्या

व्हर्लिन ओटिंगचं पत्र मला एकोणीसशे एक्क्याण्णवच्या ऑक्टोबरमध्ये आलं, आणि मी त्याला उत्तर दिलं नाही. आधी वाटलं, नीट विचार करून लिहू. मग उशीर झाला. मग उशिराबद्दल माफी मागणं आलं, आणि माफीचं वाक्य काही केल्या जमेना. वाचनात आयुष्य घालवलेल्या माणसाला चार ओळी लिहिता येऊ नयेत, हे सांगायलाही लाज वाटते. अशी तेवीस वर्षं गेली.

पत्रात प्रश्न एकच होता. त्या गुरुवारी सकाळी काचघराच्या दारात तुम्ही होतात का?

त्या वर्षीच्या उन्हाळ्यात आमच्या कॉलेजात हायस्कूलच्या शेतीशिक्षकांसाठी सहा आठवड्यांचा जीवशास्त्राचा वर्ग होता. शाळा पास व्हायला विज्ञानाचे तास जास्त लागू लागले होते, त्यामुळे मुलं शेतीचा विषय सोडत होती. शेतीशिक्षकानेच जीवशास्त्राचं प्रमाणपत्र मिळवलं, तर त्याचा तास विज्ञानात धरला जाणार होता. व्हर्लिनच्या शाळेने त्याला बजावलं होतं की ऑगस्टपर्यंत प्रमाणपत्र आण, नाहीतर नोकरी अर्ध्या वेळाची होईल. तो तेव्हा बावन्न वर्षांचा होता आणि अठ्ठावीस वर्षं त्याच गावात शिकवत होता.

हा वर्ग कॉलेजने मला का दिला, ते मला आजवर कळलेलं नाही. समोर अकरा माणसं बसली होती. त्यांनी अडलेली वासरं हातांनी ओढून काढली होती, झाडांवर कलमं बांधली होती. मी गाय पाहिली होती ती गाडीच्या काचेतून. पहिल्या दिवशी मी पेशींचं विभाजन शिकवलं, आणि सगळा तास फळ्याकडे तोंड करून शिकवला.

शेवटी मागून आवाज आला, “डॉक, फळ्याला समजलं असेल तर आता आमच्याकडे वळा.”

ती लोइस टॅगर्ट, वर्गातली एकटी शेतीशिक्षिका. सगळे हसले, मीही हसलो असेन. माझी डॉक्टरेट होती, म्हणून त्या दिवसापासून मी सगळ्यांचा ‘डॉक’ झालो.

मुख्य प्रयोग सोयाबीनचा होता. प्रत्येकाला धुतलेल्या वाळूच्या बारा कुंड्या दिल्या. सहा कुंड्यांत जिवाणूंची पूड लावलेलं बी आणि सहांत तसंच कोरडं. पूड लावलेल्या रोपांच्या मुळांवर गाठी येतात आणि ती हवेतला नत्र घेतात. उरलेली सहा तुलनेसाठी असतात. त्यांना पाणी आणि नत्र सोडून बाकीचे क्षार द्यायचे. मग ती पिवळी पडतात, खुरटतात, आणि फरक डोळ्यांना दिसतो.

तिसऱ्या आठवड्यात ती पिवळी पडू लागली, तशी व्हर्लिनची चुळबुळ सुरू झाली.

“डॉक, ही उपाशी आहेत.”

“तसंच व्हायला हवं,” मी म्हणालो.

“व्हायला हवं कसं? मी पोरांना जन्मभर याच्या उलट शिकवतोय.”

“अरे व्हर्लिन, सोयाबीन आहे ते,” लोइस म्हणाली. “तुझं वासरू नव्हे.”

“वासरू निदान हंबरतं तरी,” तो म्हणाला. “हे बिचारं मुकाट पिवळं पडतं.”

मला पहाटे काचघरात जायची सवय होती, कारण त्या वेळी तिथे कोणी नसे. त्या गुरुवारी व्हर्लिन होता. कॉफीच्या रिकाम्या डब्यात त्याने खत कालवलं होतं आणि चमच्याने तुलनेच्या सहाही कुंड्यांत एकेक माप घालत होता. तोंडाने हलकेच काहीतरी बोलत होता, आजारी जनावराशी बोलावं तसं. माझा हात कडीवर होता. ‘थांबा’ एवढा एक शब्द पुरला असता. मी कडी सोडली आणि मागे फिरलो.

खोलीत येऊन मी स्वतःला समजावलं की निकालच त्याला शिकवेल, शास्त्राची रीत हीच. पण ते खरं नव्हतं. बावन्न वर्षांच्या अनुभवी माणसाला अडवायचं तर कोणत्या आवाजात बोलायचं, हे मला माहीत नव्हतं, एवढंच खरं. आणि तो चुकतोय हे त्याच्या तोंडावर सांगण्यापेक्षा तीन आठवड्यांनी कागदावर लिहिणं मला सोपं होतं.

परीक्षेच्या दिवशी रोपं उपटून, मुळं धुऊन पांढऱ्या तबकात मांडली. बाकी सगळ्यांच्या तबकांत अर्धी रोपं हिरवी, अर्धी पिवळी. व्हर्लिनची बाराही हिरवीगार. गाठी मात्र सहांनाच होत्या. त्याने वहीत प्रामाणिकपणे लिहिलं होतं की पूड लावल्याने वाढीत फरक दिसला नाही.

मी विचारलं, “तुलनेच्या कुंड्यांत आणखी काही घातलं होतं का?”

“घातलं की. एका गुरुवारी थोडं खत. भुकेली होती.”

“वहीत त्याची नोंद नाही.”

“ते वहीत कशाला लिहायचं, डॉक? तो काही प्रयोग नव्हे, ती निगा झाली. गुरांना वैरण टाकली हे कोणी लिहून ठेवतं का?”

लपवण्याचा त्याच्या मनात विचारही नव्हता. प्रयोग वेगळा आणि रोजची कामं वेगळी, असं तो धरून चालला होता. नियम असा होता की नोंद न करता कुंडीत काही घातलं की प्रात्यक्षिकात नापास. मी नापास लिहिलं. त्याने कागद वाचला, घडी करून खिशात ठेवला, माझे आभार मानले आणि हात मिळवला.

त्या वर्षी त्याने अर्धा दिवस शिकवलं आणि उरलेला वेळ शाळेची बस चालवली. पुढच्या उन्हाळ्यात दुसऱ्या कॉलेजातून तो पास झाला आणि नोकरी पूर्ववत झाली. हे मला लोकांकडून कळलं. त्याचं पत्र त्या मधल्या वर्षातलं.

“नापास केल्याबद्दल तक्रार नाही,” त्याने लिहिलं होतं. “नियम आता मला पटलाय. पण तुम्ही प्रश्न विचारलात तेव्हा उत्तर तुम्हाला आधीच ठाऊक असावं असं वाटलं. त्या गुरुवारी दाराची कडी वाजल्यासारखीही वाटली होती. शाळेतल्या माझ्या वर्कशॉपमध्ये पोरगं डोळ्यांवर काळी काच न लावता वेल्डिंगला उभं राहिलं, तर डोळे जाईपर्यंत मी बघत बसत नाही. तुम्ही दारात होतात का, एवढंच कळवा. म्हणजे मी विचार करायचा थांबेन.”

या सप्टेंबरात गावच्या ग्रंथालयात जुन्या पुस्तकांची विक्री होती. मी टेबलावर पुस्तकं लावत होतो, तेवढ्यात लोइस दोन खोकी घेऊन आली. आता तीही निवृत्त झाली आहे.

“डॉक, अजून पुस्तकांमागेच लपता का?” म्हणाली.

मी तिला लिंबू सरबत दिलं आणि बऱ्याच वेळाने व्हर्लिनचं विचारलं.

“पंचाहत्तरीचा झाला. पण नव्या शेतीशिक्षकांचा वर्ग असला की त्याला बोलावतात. तुमचाच सोयाबीनचा प्रयोग लावतो, आणि रोज पहाटे काचघरात स्टूल टाकून बसतो.”

“कशाला?”

“कोणी ना कोणी खताचा डबा घेऊन येतंच. मग हा म्हणतो, घाल, खुशाल घाल, पण आधी वहीत लिही.”

“अडवत नाही?”

“नाही. लिहिल्यावर त्या कुंड्यांचा वेगळा गट होतो. पूड नाही, खत आहे. त्यावरूनही शिकवता येतं, म्हणतो.”

मला हे सुचायला हवं होतं. त्या दिवशी मी आत गेलो असतो, तर त्याला वही उघडायला सांगता आली असती. व्हर्लिन पास झाला असता, आणि वर्गाला एक जादा धडा मिळाला असता. हे मी लोइसला सांगितलं नाही.

“माझा विषय कधी काढतो का?” मी विचारलं.

“एकदा म्हणाला, डॉकना पत्र टाकलं होतं, पण ते पोचलंच नसणार. पोचलं असतं तर त्यांनी उत्तर दिलं असतं.”

घरी येऊन मी लिहायला बसलो. पहिला कागद छान झाला. त्यात मी लिहिलं होतं की तुमचं पत्र एका पुस्तकात अडकलेलं आत्ताच सापडलं. व्हर्लिनने मला ती वाट आपणहून करून दिली होती. मी कागद दोनदा वाचला आणि फाडला. दुसरा कागद तत्त्वज्ञानाकडे गेला, तोही फाडला. तिसरा असा होता:

“प्रिय व्हर्लिन, तुमचं पत्र त्याच आठवड्यात पोचलं होतं. दारात मी होतो. तुम्ही खत घालताना मी पाहिलं आणि न बोलता परत गेलो, कारण बोलायला घाबरलो. नोंद न करण्याची चूक तुमची होती, पण ती त्याच सकाळी सुधारता आली असती आणि ते काम माझं होतं. तुमचं वर्ष गेलं त्यात माझा वाटा आहे. लोइसने तुमच्या स्टुलाचं सांगितलं. शिकवायची ती रीत माझ्यापेक्षा चांगली आहे. उत्तर द्यायला इतका उशीर झाला, त्याला भित्रेपणाशिवाय कारण नाही.”

पाकीट घराबाहेरच्या टपालाच्या डब्यात ठेवून, पोस्टमनने ते न्यावं म्हणून डब्याची लाल पट्टी वर केली असती, तर तो येईपर्यंत मी ते नक्की परत आत आणलं असतं. म्हणून कोट घातला, चालत पोस्टात गेलो आणि पाकीट तिथल्या पेटीच्या फटीतून आत सोडलं.