कोंबड्यांना घातलेल्या गोळ्या

लोरेलला दुसरी मुलगी झाली आणि तिचं नाव काय ठेवायचं यावरून घरात दोन महिने भांडण चाललं, ते साल एकोणीसशे ब्याण्णव. लोरेल माझी भाची, माझ्या धाकट्या बहिणीची, व्हर्नाची, एकुलती एक मुलगी. त्याच वर्षी लोरेलच्या गळ्यातली थायरॉईडची ग्रंथी कापून काढायची तारीख ठरली. बावीस सप्टेंबर.

मेलबर्नपासून समुद्रापलीकडच्या बेटावरच्या आमच्या ह्युऑन खोऱ्यात सुजलेली मान कुणाला नवी नव्हती. इथल्या मातीत सफरचंदं उत्तम येतात, पण आयोडीन नाही, म्हणून माना वाईट. आम्ही लहान असताना शाळेत आठवड्यातून एकदा बाई प्रत्येकाच्या हातावर आयोडीनची गोळी ठेवायच्या. व्हर्ना ती गालात धरून घरी आणायची आणि कोंबड्यांपुढे टाकायची. आईने एकदा तिला पकडलं. पुढे व्हर्नाची मान फुगली, तेव्हा कारण शोधायची कुणाला गरजच पडली नाही.

"कोंबड्यांच्या माना बघा किती नाजूक!" वडील जेवताना म्हणायचे. त्यांच्या स्वतःच्या शर्टाचं वरचं बटण कधी लागलं नाही, पण त्यावर कोणी बोलत नसे.

एकसष्ट साली व्हर्नाची ग्रंथी काढली, आणि चांगली धावपळ करणारी मुलगी खुर्चीत बसल्या बसल्या झोपू लागली. गावातल्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी थायरॉईडच्या गोळ्या एकेक करून वाढवल्या. "बाकीच्यांना दीड पुरते, हिला चार लागतात," ते म्हणायचे. "का, ते मला ठाऊक नाही. पण चारवर ही उभी राहते." चारवर ती तीस वर्षं उभी राहिली, आणि आमच्या बागेत माझ्यापेक्षा जास्त सफरचंदांच्या पेट्या भरायची.

मग ते निवृत्त झाले आणि डॉक्टर पेल्हम आले.

"चार?" रिपोर्ट बघून ते ओरडलेच. "चार गोळ्यांनी घोडा मरेल!"

"घोड्याला कोण देतंय?" व्हर्ना म्हणाली.

त्यांनी दोन केल्या. सहा आठवड्यांत व्हर्नाचा आवाज घोगरा झाला, हात बर्फासारखे झाले. जुलैच्या थंडीत झाडांची छाटणी चालू असताना ती शिडीला टेकून झोपली. पुन्हा रक्त द्यायला चाळीस किलोमीटर, पुन्हा पेल्हमांसमोरची तीच खुर्ची. लोरेलही आली होती, तिला सर्जनसाठी चिठ्ठी हवी होती. तिचं हृदय धडधडायचं, मान फुगलेली, आणि रक्तात हॉर्मोन जास्त.

पेल्हम म्हणाले, "व्हर्नाबाई, तुमच्या रक्तात हॉर्मोन अजूनही जास्त आहे. ते जास्त असलं की मेंदू 'आता पुरे' म्हणून गप्प बसतो. तुमचा मेंदू मात्र 'आणखी आणा' म्हणून ओरडतोय. दोन्ही एकदम कसं होईल? तुम्ही गोळ्या रोज घेत नाही. रक्त द्यायच्या आदल्या दिवशी मूठभर गिळता."

"मी रोज घेते!"

"आईची जुनी खोड आहे ती, डॉक्टर," लोरेल हसत म्हणाली. "शाळेत असताना कोंबड्यांना घालायची."

मीही हसलो. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी फाइलीत काहीतरी लिहिलं. मी पन्नाशीत गावच्या सभागृहातल्या वर्गात वाचायला शिकलो होतो आणि समोरून उलटं दिसणारं अक्षर मला अजून जड जायचं, पण कोंबड्या हा शब्द मी ओळखला.

गाडीत व्हर्ना लोरेलला म्हणाली, "घातलीस माती! आता मी मेले तरी तो म्हणेल, गोळ्या खुराड्यात शोधा."

"आई, मी गंमत केली."

"चाळीस वर्षं गंमतच चाललीय."

मला राग आला तो स्वतःचा. दुसऱ्या दिवसापासून मी पहाटे तिच्या स्वयंपाकघरात जाऊन बसू लागलो.

"बावन्न वर्षांच्या बाईच्या तोंडात डोकावणार तू, क्लॅरी?"

"हो. जीभ वर कर."

"लाज नाही वाटत?"

"वाटते. वर कर."

मग मी वहीत लिहायचो. सोमवार, दोन गोळ्या, चहाआधी, गिळल्या, जीभ पाहिली. मंगळवार, तसंच. बुधवार, शिव्या दिल्या, मग गिळल्या. माझं अक्षर वाकडं, पण अठ्ठावीस दिवसांत एकही दिवस सुटला नाही. अठ्ठाविसाव्या दिवशी पुन्हा रक्त दिलं. आकडे तसेच आले. हॉर्मोन जास्त, आणि मेंदूचा ओरडा चालूच.

मी वही पेल्हमांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी एक पान उलटलं. "भावाने लिहिलेली वही हा काही पुरावा नाही, मिस्टर डिरीन."

"मग काय पुरावा लागतो? कोंबडीला आणू साक्षीला?"

ते लाल झाले. मी म्हणालो, चिठ्ठी द्या, आम्ही होबार्टला मोठ्या डॉक्टरांकडे जातो, चिठ्ठी मिळेपर्यंत मी इथून उठत नाही. बाहेर सात माणसं खोळंबली होती. चिठ्ठी मिळाली.

लोरेलच्या ऑपरेशनला सहा दिवस उरले होते. मी तिलाही तिच्या रिपोर्टांसकट ओढून नेलं. ती वाटभर कुरकुरत होती, "मामा, माझं ठरलंय सगळं. तुझं आणि आईचं भांडण माझ्या गळ्यात कशाला?"

डॉक्टर हेन्झेल नावाच्या बाई होत्या. त्यांनी वही पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. बुधवारच्या नोंदीला त्या हसल्या. मग मायलेकींचे कागद शेजारी शेजारी ठेवून त्यांनी एकेक आकडा ताडून पाहिला.

"तुमच्या वडिलांची मान कशी होती?"

"जाड होती. वयामुळे," मी म्हणालो.

"वय किती होतं?"

मी हिशेब केला. मी शाळेत जायला लागलो तेव्हाही ती तशीच होती. "पस्तीस."

बाईंनी पेन खाली ठेवलं.

"तुमचे वडील, व्हर्नाबाई आणि लोरेल. तिघांचं शरीर या हॉर्मोनला अर्धवट बहिरं आहे. रक्तातच आलंय ते. बहिऱ्याला ऐकू जावं म्हणून ग्रंथी मोठ्याने बोलते आणि बोलून बोलून सुजते. तुमच्या मेंदूलाही कमीच ऐकू येतं, म्हणून तो आणखी मागतो. आयोडीनचा याच्याशी संबंध नाही."

"म्हणजे हिला मोठ्याने सांगायला हवं होतं," मी म्हणालो, "आणि आपण सांगणाऱ्याचाच गळा कापला."

"तेव्हा ही तपासणी नव्हती," त्या म्हणाल्या. "पण लोरेलचा कापायचं काही कारण नाही. ग्रंथी काढली तर तीही आयुष्यभर चार गोळ्यांसाठी प्रत्येक नव्या डॉक्टरशी भांडत बसेल. हृदय बहिरं नाही, म्हणून ते धडधडतं; ते शांत करायला एक छोटी गोळी देते. मान राहू द्या."

लोरेलचा हात गळ्याकडे गेला. "आणि ही अशीच दिसणार?"

"रुमाल बांध," तिची आई म्हणाली. "मी माझी ग्रंथी परत आणू शकत नाही."

बावीस तारीख रद्द झाली. खात्रीसाठी दोघींचं रक्त समुद्रापलीकडे मेलबर्नला गेलं आणि पाच महिन्यांनी उत्तर आलं, की बाईंचं बरोबर आहे. व्हर्ना तोवर पुन्हा चार गोळ्यांवर येऊन शिडीवर चढली होती. पत्र मी तिला वाचून दाखवलं. तिने दोनदा वाचायला लावलं.

"कोंबड्यांचा काही दोष नव्हता तर," ती म्हणाली. "आणि माझाही. आता हे आईला कोण सांगणार? बाबांना कोण सांगणार? सगळे मरून बसलेत!"

मी माफी मागितली. ती म्हणाली, तुझ्या एकट्याची पुरत नाही.

त्यानंतरही तीन डॉक्टर बदलले. तिघांनीही पहिल्याच भेटीत "चार?" म्हणून विचारलं आणि तिघांपुढे मी तेच पत्र ठेवलं, घडीवर फाटलेलं, चिकटपट्टी लावलेलं. शेवटी न्यूमोनियाने ती हॉस्पिटलात पडली तेव्हा एका तरुण डॉक्टरने दोन गोळ्या लिहिल्या. मी पत्र काढलं. तो म्हणाला, "आजोबा, उद्या बघू." मी म्हणालो, आज. त्याने चार केल्या.

लोरेलची मान अजून तिच्या जागी आहे. तिच्या धाकट्या मुलीचीही तशीच जाड आहे. त्या मानेला अजून कुणी हात लावलेला नाही.

माझी बहीण व्हर्ना शनिवारी, चौदा ऑगस्ट दोन हजार चार रोजी सकाळी वारली. ती चौसष्ट वर्षांची होती. त्या दिवसाच्या गोळ्या तिने घेतल्या होत्या, मी जीभ पाहिली होती.